चाड्यावरची मूठ, पेटीवरचा हात



सुगी आटोपली, हळद निघाली, की आपल्या भागात गावोगावी हरिनाम सप्ते बसतात. चुडाव्याहून पूर्णेकडे जा की नांदेडकडे, रात्री एकाच वेळी दोन-दोन गावांचे भोंगे कानावर पडतात. मंडपात वीणेकरी उभा असतो, पखवाज घुमत असतो, टाळकऱ्यांची रांग पावली खेळत असते. आणि एका बाजूला एक माणूस मान खाली घालून पेटी वाजवत असतो. कीर्तन संपल्यावर तुम्ही बुवांच्या पाया पडता, पखवाजवाल्याच्या हाताची तारीफ करता. पेटीवाल्याचे नाव कोणी विचारते का? बहुधा नाही. पेटी मध्येच थांबली, तरच ती इतका वेळ चालू होती हे ध्यानात येते.

आज अशाच एका पेटीवाल्याची ओळख करून द्यायची आहे. त्यांचे नाव सखाराम प्रभाकर जळगावकर. साऱ्या देशातले गवई त्यांना अप्पा जळगावकर म्हणून ओळखत. आडनाव ऐकून तुम्हाला खानदेशातले जळगाव आठवेल. पण हा माणूस आपल्या मराठवाड्याचा. चुडाव्याच्या स्टेशनातून मनमाडकडे जाणारी रुळांची वाट पूर्णा, परभणी, सेलू, परतूर करत जालन्याला पोचते. त्या जालन्याजवळच्या खेड्यात १९२२ साली अप्पांचा जन्म झाला. तेव्हा आपला मुलूख निजामाच्या राज्यात होता.

तुम्ही म्हणाल, शेतकी खात्याच्या माणसाने बियाणे, खत, बोंडअळी यावर लिहावे, गाण्या-बजावण्यावर कशाला? त्याला कारण आहे. गावोगावी फिरताना पिकाची चौकशी झाली, चहा झाला, की कोणी बाप हळूच विचारतो, “साहेब, पोरगं पेटीच्या नादाला लागलंय. काय करावं?” विचारताना त्याच्या तोंडावर पोरगे दारूच्या नादाला लागल्यासारखी काळजी असते. या प्रश्नाला उडते उत्तर देणे बरे नाही. एका माणसाचे आयुष्य समोर ठेवून त्याचा विचार केलेला बरा.

पियानो आणि पेटी

सिनेमात तुम्ही पियानो पाहिला असेल. नायक त्याच्यापुढे बसून गाणे म्हणतो आणि नायिका कोपऱ्यात डोळे पुसते. हे वाद्य इटलीतल्या क्रिस्तोफोरी नावाच्या कारागिराने १७०० सालाच्या सुमारास घडवले. आत तारा ताणलेल्या असतात. पट्टी दाबली की एक छोटी हातोडी तारेवर पडते. मोठ्या मैफलीच्या पियानोला ८८ पट्ट्या असतात, ५२ पांढऱ्या आणि ३६ काळ्या. त्याची लांबी नऊ फूट आणि वजन जवळजवळ पाच क्विंटल, म्हणजे आपल्या सोयाबीनच्या सात-आठ पोत्यांइतके. युरोपात हे वाद्य वाजवणारा मोठा कलावंत रंगमंचावर एकटा बसतो. हजार-दोन हजार माणसे श्वास रोखून फक्त त्यालाच ऐकतात. जाहिरातीवर सर्वांत मोठ्या अक्षरात नाव त्याचेच असते.

आता आपल्या देवळातली पेटी पाहा. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची मांडणी अगदी तीच. दोन काळ्या, मग तीन काळ्या, पुन्हा दोन. भजनी बुवा “काळी चार धर” किंवा “पांढरी पाच दे” म्हणतात, ते याच मांडणीवरून. फरक पोटात आहे. पेटीत तार नसते. पितळेच्या पातळ पात्या असतात, त्यांना कारागीर रीड किंवा सूर म्हणतात. भात्याने हवा भरली आणि पट्टी दाबली की त्या पातीखालून हवा जाते, पाती थरथरते आणि नाद होतो. पियानोवाल्याला वाजवायला दहा बोटे मिळतात. पेटीवाल्याचा एक हात भात्यावर अडकलेला असतो, म्हणून त्याचे सारे काम पाच बोटांत. पट्ट्याही बहुधा ३७ ते ४२.

ही पेटीसुद्धा मूळची आपली नव्हे. १८४०च्या सुमारास पॅरिसमध्ये अलेक्झांडर दबें या कारागिराने ती बनवली. ती खुर्चीवर बसून पायाने भाता मारायची असे. मिशनरी आणि साहेब लोकांनी ती हिंदुस्थानात आणली. आपल्याकडे गाणे-बजावणे जमिनीवर मांडी घालून चालते. तेव्हा कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ साली हाताच्या भात्याची पेटी तयार केली. ती हलकी, आवाजाला खणखणीत आणि सारंगीसारखी घडोघडी जुळवायला न लागणारी. बघता बघता ती नाटक कंपन्यांत गेली, तमाशात गेली, कव्वालीत गेली, भजनात आली. परदेशातून आलेले टमाटे आणि मिरची आज कोणाला परके वाटत नाहीत, तसेच पेटीचे झाले.

रेडिओच्या दारात अडवणूक

पण मोठमोठ्या जाणकारांना पेटी खुपत होती. त्यांची तक्रार खोटी नव्हती. आपल्या गाण्यात एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत जायचे असते, त्याला मींड म्हणतात. गवई दोन सुरांमधल्या बांधावरूनही चालू शकतो. पेटीला तो बांध नाहीच. या वावरातून उडी मारायची ती थेट त्या वावरात. शिवाय पेटीचे बारा सूर कारखान्यात एकदा ठरले की ठरले. गवई रागाप्रमाणे एखादा सूर केसभर चढा किंवा उतरा लावतो, तो पेटीला लावता येत नाही.

रवींद्रनाथ ठाकूरांनाही हे वाद्य पसंत नव्हते. शेवटी १९४० सालच्या मार्च महिन्यापासून आकाशवाणीवर पेटी बंद करण्यात आली. स्वातंत्र्य आले, तरी बंदी उठली नाही. १९५२ ते १९६२ या काळात नभोवाणी खाते मूळ पुण्याच्या बाळकृष्ण केसकरांकडे होते. शास्त्रीय संगीताचे ते मोठे कैवारी. पण पेटीला त्यांच्याही कारकिर्दीत दार उघडले नाही. १९७१ साली बंदी प्रथम सैल झाली, तीही साथीपुरती. एकट्याने पेटी वाजवण्याला त्यानंतरही अनेक वर्षे मज्जाव राहिला.

आता अप्पांच्या वयाशी हा हिशेब जुळवून पाहा. बंदी आली तेव्हा ते सुमारे १८ वर्षांचे होते. सैल झाली तेव्हा ४९ वर्षांचे. माणसाच्या अंगात जोर असतो ती सगळी वर्षे या बंदीत गेली. त्या काळात गवयाचे नाव घरोघर न्यायला रेडिओसारखे दुसरे साधन नव्हते. पिकवलेला माल चोख आहे, पण बाजार समितीच्या दारातच गाडी अडवली, अशी ही अवस्था. अशा वेळी माणूस एक तर पीक बदलतो किंवा कपाळाला हात लावून बसतो. अप्पांनी दोन्ही केले नाही. जिथे दार उघडे होते, तिथे, म्हणजे समोरासमोरच्या मैफलीत, ते वाजवत राहिले.

गळा आधी, बोटे नंतर

अप्पांनी सुरुवातीला पेटी शिकली नाही. ते गाणे शिकले. तेही धृपद-धमार, म्हणजे आपल्या गाण्यातली सर्वांत जुनी, दमसासाची आणि लयीला पक्की गायकी. पेटीवरचा हात त्यांनी बव्हंशी स्वतःच्या मेहनतीने तयार केला. हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. जो स्वतः गायला आहे, त्याला गवई पुढे कुठे वळणार, श्वास कुठे घेणार, कुठल्या सुरावर विसावणार, हे आतून कळते. ज्याने नुसत्या पट्ट्या पाठ केल्या, त्याला ते कळत नाही. जमीन न पाहता पाकिटावरचे वाचून खताची मात्रा टाकणाऱ्या शेतकऱ्यासारखी त्याची गत होते.

पेटीला मींड नाही, ही उणीव तर राहतेच. मग चांगला साथीदार काय करतो? एक सूर पुरता विझण्याआधी दुसऱ्यावर बोट ठेवतो. भात्याचा दाब कमी-जास्त करून सुराची धार बोथट करतो. जो सूर पेटीत गवयाच्या सुराशी जुळत नाही, तिथे जोर देत नाही, नुसता स्पर्श करून सरकतो. गवई फार नाजूक जागा घेत असेल, तर हात उचलून गप्प बसतो. केव्हा वाजवू नये हे कळणे ही यातली शेवटची इयत्ता. वाद्याचा दोष कोणालाच काढता येत नाही. तो झाकता मात्र येतो, आणि तो झाकणारे हात तयार व्हायला आयुष्य जाते.

साथ म्हणजे काय?

तिफणीची पेरणी तुम्ही पाहिली आहे. घरातल्या जाणत्यांनी केली आहे. बैल हाकणारा पुढे दिसतो. “अमक्याने आज दोन एकर पेरले,” असे गाव म्हणते. पण चाड्यावर मूठ धरणारी बाई मागून चालत असते. तिच्या मुठीतून दाणा एकसारखा सुटला, तरच तास नीट उगवतो. बैल जोरात निघाले तर मूठ सैल, हळू झाले तर आवळायची. तिला बैलांच्या पुढे जाता येत नाही आणि मागेही राहता येत नाही. पुढे आठ दिवसांनी उगवण पाहिली, की चाड्यावर कोण होते ते जाणकार ओळखतो.

पेटीची साथ म्हणजे नेमके हेच काम. गवई मैफलीत ठरवून आलेला नसतो. तो तिथल्या तिथे तान रचतो. साथीदाराने ती ऐकायची, क्षणात उमजायची आणि सावलीसारखी त्याच्या मागून न्यायची. गवई श्वास घ्यायला थांबला, तर मधली मोकळी जागा भरायची. पण इतकीच, की त्याला पुन्हा सुरुवात करायला वाट राहील. स्वतःचा हात दाखवण्याचा मोह झाला की साथ बिघडली.

आणि गवई तरी सारखे कुठे असतात? भीमसेन जोशींची लांब दमाची, वीज लखलखावी तशी तान. कुमार गंधर्वांच्या छोट्या छोट्या, अवचित येणाऱ्या जागा. वसंतराव देशपांड्यांची कुठे गिरकी घेईल याचा नेम नसलेली गायकी. माणिक वर्मांचा गोड, ठेहरावाचा गळा. किशोरी आमोणकरांचा एकेका सुराचा ध्यास. उस्ताद अमीर खाँसाहेबांची अतिविलंबित, संथ चाल. अप्पांनी या साऱ्यांना साथ केली. कोणाकडे बैल पळत होते, कोणाकडे पाऊल-पाऊल चालत होते. चाड्यावर मूठ मात्र तीच. एका माणसाला इतक्या परींच्या गळ्यांमागून जाता येणे, यात त्यांची थोरवी आहे.

आणखी एक काम अप्पा फार सुरेख करीत. तबलजी एकटा वाजवायला बसतो, तेव्हा पेटीवर एकच छोटी सुरावट फिरवत ठेवावी लागते. तिला नगमा किंवा लेहरा म्हणतात. तबलजी तिच्या आधाराने हिशेबाची कोडी घालतो आणि सोडवतो. पेटीवाल्याने मात्र जराही ढळायचे नाही. तासभर तीच ओळ, त्याच लयीत. ऐकायला सोपे वाटते. नांगरताना पहिल्या तासापासून शेवटच्या तासापर्यंत बैलांची चाल एकसारखी ठेवून पाहा, म्हणजे त्यातली अवघड गोष्ट कळेल. उस्ताद झाकीर हुसेन यांच्यासारखा तबलजी अप्पांच्या नगम्यावर निर्धास्त वाजवत असे.

उशिरा आलेला मान

२००० सालचा संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार अप्पांना मिळाला. देशातल्या गाण्या-नाचाच्या क्षेत्रातला हा मोठा सन्मान. तेव्हा त्यांची अठ्ठ्याहत्तरी आली होती. ज्या वाद्याला ऐन उमेदीत रेडिओच्या दारात उभे केले नव्हते, त्याच वाद्यासाठी सरकारी संस्थेने त्यांचा गौरव केला. २००९ सालच्या सप्टेंबर महिन्यात पुण्यात ते वारले.

ही वाट त्यांनी एकट्याने तुडवली असे नाही. त्यांच्या आधी कोल्हापूरकडचे गोविंदराव टेंबे होऊन गेले. १९११ सालच्या ‘मानापमान’ नाटकाला चाली त्यांच्याच. पेटी एकटीसुद्धा ऐकण्याजोगी असते, हे त्यांनी मैफली गाजवून दाखवले. अप्पांच्या मागून गोव्यातल्या बोरी गावचे तुळशीदास बोरकर आले. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. एका कोल्हापूरकडच्या, एका जालन्याकडच्या आणि एका गोव्याच्या माणसाने या परदेशी वाद्याला आपल्या मातीत रुजवले, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

पोराला पेटीचा नाद आहे, तर?

आता त्या बापाच्या प्रश्नाकडे येऊ. पेटीने पोट भरते का? खरे सांगायचे तर, सगळ्यांचे भरत नाही. अप्पांच्या उंचीला पिढीत दोन-चार पोचतात. भजन-कीर्तनाच्या साथीवर मिळणारे मानधन हंगामी असते. सप्त्यांचे दिवस सोडले की हात रिकामा. म्हणून शाळा सोडून पेटीमागे धावू देऊ नका. जमिनीचा तुकडा असेल तर तो विकून वाद्यांची दुकाने फिरू नका. पण पेटी हिसकावून माळ्यावर टाकणे हेही शहाणपणाचे नाही. शेती सांभाळून साथ करणारे कितीतरी चांगले पेटीवाले आपल्याच तालुक्यात सापडतील. कोरडवाहू रानात आपण कापसाबरोबर तुरीची एक ओळ टाकतोच ना? एक पीक हुकले तर दुसरे हाताशी असावे, तसेच हे.

शिकवायचे तर रीतीने शिकवा. पहिले म्हणजे, पोराला आधी गायला लावा. गळा गोड नसला तरी चालेल, सूर ओळखता आला पाहिजे. दुसरे, रोज एका ठरलेल्या वेळी अर्धा-पाऊण तास बसू द्या. आठवड्यातून एकदा चार तास बडवण्यापेक्षा ते बरे. तिसरे, सिनेमाची गाणी वाजवता आली म्हणजे पेटी आली, असे समजू नका. अलंकार, राग, ताल यांची ओळख देणारा गुरू शोधा, मग तो पाच कोसांवर असला तरी. चौथे, मुलगी असेल तर तिलाही बसवा. बायकांची भजनी मंडळे गावोगावी आहेत आणि त्यांना पेटीसाठी पुरुषाची वाट पाहावी लागते, हे तुम्हीही पाहत असाल.

देवळातली पेटी सांभाळा

वर्गणीतून घेतलेली पेटी पुष्कळ गावांत दोन-तीन वर्षांत निकामी होते. दोष पेटीचा नसतो, ठेवणीचा असतो. थोडी काळजी घेतली तर चांगली पेटी पिढीभर टिकते.

पेटी उन्हात ठेवू नका. आपल्याकडचे वैशाखाचे ऊन लाकडाला चिरा पाडते. ओलीतही ठेवू नका. पावसाळ्यात जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा, भिंतीपासून हातभर अंतर सोडा. बियाण्याची पोती आपण अशीच ठेवतो, नियम तोच आहे. वाजवून झाले की भाता मिटून कडी लावा आणि वर जाड कापड टाका, म्हणजे धूळ आणि अंगारा आत जाणार नाही. भात्याचे चामडे उंदरांना आणि कसरीला आवडते. महिन्यातून एकदा तरी पेटी उघडून वाजवा. वापरातल्या पेटीला कीड कमी लागते.

भाता भरून ठेवून पट्टी न दाबता वर जोर देऊ नका. भात्याचे जोड उसवतात. एखादा सूर वाजेनासा झाला किंवा सारखा वाजत राहिला, तर बहुधा धुळीचा कण अडकलेला असतो. तो मऊ कुंचल्याने हळूच झाडा. ब्लेड किंवा सुई लावून पाती खरवडू नका. पाती खरवडली की सूर बदलतो, आणि मग तो कारागिराशिवाय जुळत नाही. पात्यांसाठी गुजरातेतले पालिताणा गाव नावाजलेले आहे. नवी पेटी घेताना पात्या कुठल्या हे दुकानदाराला विचारा, आणि वाजवणाऱ्या जाणकाराला बरोबर न्या. बैल घेताना जाणता माणूस नेतो, तसा.

शेवटची एक विनंती. यंदा तुमच्या गावात सप्ता बसेल, तेव्हा काल्याच्या दिवशी मानाचे नारळ देताना वीणेकरी, पखवाजी, टाळकरी यांच्या यादीत पेटीवाल्याचे नाव आहे का ते पाहा. नसेल तर घाला, आणि भोंग्यावरून गावासकट वाचून दाखवा. समोर बसलेल्या पोरांपैकी एखाद्याच्या कानावर ते पडेल, आणि पेटी वाजवणाऱ्यालाही नाव असते, हे त्याला त्या दिवशी कळेल.